घरांखाली सापडलेलं रोमन नाट्यगृह

स्पेनच्या आग्नेय किनाऱ्यावरचं कार्ताहेना हे बंदराचं शहर. नगरपालिकेसमोर एक जुना वाडा आहे. रोमन नाट्यगृह बघायचं तर शिरायचं या वाड्यातूनच.

आत मात्र नाट्यगृहाचा मागमूस नाही. रस्त्याखालून जाणारी वाट, सरकते जिने, मूर्ती, मग एका जुन्या चर्चच्या पोटातून जाणारा बोगदा. 2008 साली खुल्या झालेल्या या संग्रहालयाची आखणी वास्तुकार राफाएल मोनेओ यांची. शेवटी डोळ्यांवर ऊन येतं आणि आपण थेट प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर उभे असतो.

सुमारे 6,000 माणसं मावतील एवढं हे अर्धवर्तुळ. मधल्या पायऱ्या टेकडीचा खडक फोडून काढल्यात. पुढच्या जागा मानकऱ्यांच्या. बायकांची रवानगी, तेव्हाच्या नियमाप्रमाणे, अगदी वर.

बांधकाम इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या वर्षांतलं, सम्राट ऑगस्टसच्या काळातलं. दारांवरच्या शिलालेखांत नावं आहेत गायस आणि लुसियस सीझर यांची. ही ऑगस्टसच्या मुलीची मुलं, त्यानेच वारस म्हणून दत्तक घेतलेली. नाटक बघायला येणाऱ्याने आधी भावी राजांची नावं वाचायची! आपल्या फ्लेक्सवाल्यांना यात नवं काही वाटायचं नाही.

रंगमंचामागचा एखादा खांब जवळून बघा. गुलाबी दगड याच प्रदेशातल्या मुला गावच्या खाणीचा. माथ्यावरची कोरीव पानं मात्र पांढऱ्याशुभ्र संगमरवराची. तो इटलीहून समुद्रमार्गे आणलेला.

नाटकं बंद पडली. पाचव्या शतकात इथे बाजार उभा राहिला, तोही नाट्यगृहाचेच आयते दगड वापरून. पुढे बायझंटाईन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याची, वस्ती आली, अरबी अमलातली घरं आली. एक चर्च तर थेट वरच्या पायऱ्यांवरच बांधलं गेलं. खाली काय आहे, हे गाव साफ विसरून गेलं.

1988 साली या जागी हस्तकला केंद्र बांधायचं ठरलं. त्यासाठी खणायला घेतलं आणि नाट्यगृह हाती लागलं. मग वर्षानुवर्षं खोदकाम आणि डागडुजी चालली. निसटलेल्या पायऱ्या नव्याने भरून काढल्या.

चर्च स्पॅनिश यादवी युद्धात पडकं झालं. त्याच्या भिंती आजही पायऱ्यांच्या डोक्यावर ठाण मांडून आहेत. अर्धवर्तुळ पुरं करण्यासाठी त्या कुणी हटवल्या नाहीत, हे मला फार बरं वाटतं. रोमन गेले तरी इथे माणसं राहतच होती की.