पेशी फुटल्या की रिपोर्टमध्ये काय गडबड होते

स्टँडमधल्या या ट्यूब नीट बघा. सगळ्या सेंट्रीफ्यूजमधून फिरून आल्यात, लाल पेशी खाली बसल्यात आणि वर सीरम, म्हणजे रक्ताचा पेशींशिवायचा पातळ भाग, आलंय, छान फिकट पिवळं. पण मधल्या एका ट्यूबचं सीरम गुलाबी झालंय. तो रंग हिमोग्लोबिनचा, म्हणजे काही लाल पेशी फुटल्या आणि आतलं सगळं बाहेर आलं. लॅबवाले एवढंच म्हणतात, सॅम्पल हिमोलाइज झालंय.

आता आतलं सगळं म्हणजे काय काय? पेशीच्या आत पोटॅशियम सीरमपेक्षा वीस-पंचवीस पट जास्त असतं, भिंतीतले पंप ते सतत आत ओढत असतात म्हणूनच हा फरक टिकतो. भिंत फाटली की खेळ खल्लास. एलडीएच नावाचं एन्झाइम तर आत शंभर पटीपेक्षाही जास्त, एएसटी हे दुसरं एन्झाइम साधारण ४० पट, त्यामुळे थोड्याशा पेशी फुटल्या तरी हे आकडे चढतात.

पोटॅशियम ६.५ आलं तर कोणीतरी दचकतं, ईसीजी काढतं, पुन्हा ब्लड घ्यायला सांगतं. खरा धोका मला विचाराल तर नॉर्मल दिसणाऱ्या रिपोर्टचा आहे. समजा जुलाब-उलट्यांनी बेजार पेशंट आहे, त्याचं खरं पोटॅशियम २.८, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांना त्रास होईल इतकं कमी. फुटलेल्या पेशींनी त्यात १ ची भर घातली, रिपोर्टवर आलं ३.८. नॉर्मल रेंज साधारण ३.५ ते ५, मग कोण कशाला दुसऱ्यांदा बघतंय?

सगळेच आकडे वर जातात असंही नाही हं. इन्सुलिन कमी दिसतं, कारण पेशीतून बाहेर पडलेलं एन्झाइम ट्यूबमध्येच ते तोडत बसतं. काही पद्धतींमध्ये ट्रोपोनिन टी सुद्धा कमी येतं, म्हणजे हार्ट अटॅकची टेस्टच खाली ओढली जाते. शिवाय बऱ्याच टेस्ट मशीन प्रकाश किती शोषला गेला यावरून मोजतं आणि हिमोग्लोबिन स्वतःच ४१५ नॅनोमीटरच्या आसपास भरपूर प्रकाश शोषतं, मग तिथेही घोळ.

सीबीसीत, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या टेस्टमध्ये, तर वेगळीच मजा. हिमोग्लोबिन जवळपास बरोबर येतं कारण ते मोजायला मशीन स्वतःच पेशी फोडतं, पण लाल पेशींची संख्या आणि हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा वाटा) कमी भरतात, म्हणून हिशोबाने काढलेलं एमसीएचसी (लाल पेशींमध्ये हिमोग्लोबिन किती दाट आहे तो आकडा) न पटण्याइतकं वर जातं, कधी फुटक्या पेशींचे तुकडे प्लेटलेट म्हणून मोजले जातात.

या पेशी फुटतात कुठे? बहुतेक वेळा शरीराबाहेर. फार बारीक सुई, सिरिंजचा दांडा जोरात ओढणं, मग तेच रक्त दाबून ट्यूबमध्ये सोडणं, हलकेच उलटसुलट करायच्या ऐवजी ट्यूब खळाखळा हलवणं, सलाईनच्या सुईतूनच रक्त घेणं. यातलं काहीच रिपोर्टवर छापून येत नाही.

डोळ्यांवर तरी किती विसंबणार, कावीळ झालेल्या पेशंटच्या गडद सीरममध्ये लाली दिसतच नाही, म्हणून आताची मशीन्स हिमोलिसिस इंडेक्स, म्हणजे सीरममध्ये हिमोग्लोबिन किती सांडलंय त्याचा आकडा, मोजतात. पण आयसीयूत ब्लड गॅस (रक्तातल्या ऑक्सिजन-कार्बन डायऑक्साइडची टेस्ट) करताना रक्त सेंट्रीफ्यूज न करताच मशीनला देतात, तिथे सीरम वेगळं होतच नाही, मग रंग बघणार कशाचा?

आणि कधी कधी पेशी खरोखर शरीरातच फुटत असतात. मलेरिया, सिकल सेल, जी६पीडी या लाल पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची कमतरता, चुकीच्या ग्रुपचं रक्त चढवणं. अशा वेळी वाढलेलं एलडीएच खरं असतं आणि सॅम्पल खराब म्हणून फेकून दिलं तर आजाराचा पुरावाच गेला. म्हणून पुन्हा नीट रक्त घेतात, तरीही सीरम लालच आलं तर हॅप्टोग्लोबिन (रक्तातलं सुटं हिमोग्लोबिन पकडणारं प्रोटीन) आणि लघवीतलं हिमोग्लोबिन तपासतात.

हेच हळूहळू, महिनोन्‌महिने चालू असेल तर सीरम अगदी स्वच्छ दिसू शकतं. पण १२० दिवस जगणारी पेशी लवकर मरते, तिला साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी टेस्ट) कमी येतं, शुगर मात्र चढलेलीच. अशा पेशंटची शुगर थेट ग्लुकोज मोजून नाहीतर फ्रुक्टोसामिन (सीरममधल्या प्रोटीनला चिकटलेली साखर मोजणारी टेस्ट) करून बघावी लागते.