पंधरा वर्षांची मोकळीक

(कोल्हापुरातील वाहनमालक, चालक आणि पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो,

आपल्या दारात उभ्या असलेल्या मोटारीची सरकारी तपासणी कधी होते, असे कोणी विचारले तर बहुतेकांना पीयूसी आठवते. पीयूसीचे यंत्र पेट्रोल गाडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजते, डिझेल गाडीच्या धुराची दाटी मोजते आणि तिथेच त्याचे काम संपते. ब्रेक चारही चाकांना सारखा लागतो का, टायर गुळगुळीत झाले आहेत का, स्टिअरिंग किती ढिले आहे, याच्याशी त्या प्रमाणपत्राचा काडीचा संबंध नाही. खासगी मोटारीची किंवा दुचाकीची नोंदणी एकदा झाली की ती पंधरा वर्षे चालते, आणि या पंधरा वर्षांत त्या वाहनाची सुरक्षिततेच्या दृष्टीने एकदा तरी तपासणी व्हावी, अशी सक्ती आपल्या कायद्यात नाही. मला आज मुख्यतः या पंधरा वर्षांविषयी बोलायचे आहे. पण त्यासाठी आधी ज्यांना तपासणी चुकत नाही त्यांची व्यवस्था समजून घ्यावी लागेल, कारण काय तपासायचे आणि कसे, याचे उत्तर तिथेच सापडते.

मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५६ प्रमाणे परिवहन संवर्गातील प्रत्येक वाहनाला, म्हणजे ट्रक, टेम्पो, रिक्षा, टॅक्सी, केएमटीची (कोल्हापूरच्या शहर बससेवेची) किंवा एसटीची बस आणि शाळेची गाडी या सर्वांना, योग्यता प्रमाणपत्र लागते. त्याशिवाय त्या वाहनाची नोंदणी वैध मानली जात नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ६२ ने त्याची मुदत ठरवली आहे. कारखान्यातून पूर्ण बांधून आलेले नवे वाहन पहिली दोन वर्षे योग्य समजले जाते, नंतर वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यापुढे दरवर्षी ते तपासावे लागते. ज्याला आपण सगळे पासिंग म्हणतो ते हेच.

ही तपासणी अनेक वर्षे निरीक्षकाच्या डोळ्यांवर आणि अनुभवावर चालली. निरीक्षक गाडीभोवती फिरत, दिवे लावून पाहत, थोडे अंतर चालवून ब्रेक दाबत आणि निर्णय देत. बऱ्याच कार्यालयांकडे गाडी पुरेशा वेगाने चालवून पाहण्याइतकी जागाही नव्हती. पुण्यातील एका नागरिकाने याविरुद्ध जनहित याचिका केली आणि मुंबई उच्च न्यायालयाने ब्रेक चाचणीसाठी २५० मीटर लांबीचा ट्रॅक असलाच पाहिजे, असे बजावले. ज्या कार्यालयांकडे तो नव्हता त्यांना योग्यता तपासणीचे काम थांबवावे लागले. त्या वेळी वाहतूकदारांची पुष्कळ गैरसोय झाली, यात शंका नाही. तरीही मला तो आदेश योग्य वाटतो. ब्रेक पाहायला जागाच नसेल, तर दिलेल्या प्रमाणपत्राला कागदापलीकडे काय किंमत उरते?

ट्रॅकवरच्या चाचणीलाही मर्यादा आहे. गाडी किती अंतरात थांबली हे तिथे दिसते, कोणत्या चाकाने आपले काम केले नाही हे दिसत नाही. २३ सप्टेंबर २०२१ रोजी केंद्र सरकारने स्वयंचलित चाचणी केंद्रांचे नियम अधिसूचित केले, त्यामागे हा विचार आहे. या केंद्रांची सक्ती वाहनांच्या वर्गानुसार टप्प्याटप्प्याने आणण्याचे ठरले आणि तिच्या तारखा पुढेही ढकलल्या गेल्या. पण यंत्रांनी मोजमाप करण्याची दिशा आता बदलणार नाही.

तिथले ब्रेकचे यंत्र जरा नीट समजून घेण्यासारखे आहे. एका आसाची दोन्ही चाके जमिनीत बसवलेल्या रोलरांच्या दोन स्वतंत्र जोड्यांवर उभी करतात. विजेच्या मोटरने रोलर फिरतात, चालक ब्रेक दाबतो, आणि प्रत्येक चाक रोलरला किती जोराने अडवते हे वेगवेगळे मोजले जाते. सर्व चाकांच्या बलाची बेरीज करून तिला वाहनाच्या वजनाने भागले की ब्रेकची कार्यक्षमता मिळते, आणि डाव्या-उजव्या चाकांच्या आकड्यांतला फरक पाहिला की असमतोल कळतो. माझ्या मते हा दुसरा आकडा अधिक मोलाचा आहे. एकूण ब्रेक बरा असूनही डावे चाक उजव्यापेक्षा फार जोराने धरत असेल, तर कोरड्या सरळ रस्त्यावर चालकाला फक्त स्टिअरिंग किंचित ओढल्यासारखे वाटते आणि तो ते अंगवळणी पाडून घेतो. पावसात, वळणावर, घाबरून पूर्ण ब्रेक दाबला की तीच गाडी आडवी होते. याच केंद्रात चाके बाजूला सरकतात का, सस्पेन्शन आणि सांधे ढिले आहेत का, हेडलाइटचा झोत कुठे पडतो, वेगमापक खरे बोलतो का, धूर आणि आवाज किती, हेही यंत्रांवर पाहिले जाते. आणि एक अट मला फार शहाणपणाची वाटते: चाचणी केंद्राने दुरुस्तीचा किंवा सुट्या भागांच्या विक्रीचा व्यवसाय करायचा नाही. दोष सांगणाऱ्याचा दोष निघण्यात फायदा असता कामा नये.

कोल्हापूरकरांना ब्रेकचे एवढे पुराण कशासाठी, असे कोणी म्हणणार नाही. कोकणात उतरायचे तर गगनबावड्याहून करूळ किंवा भुईबावडा, रत्नागिरीला जायचे तर आंबा, राधानगरीकडून गेलो तर फोंडा. घाट टळत नाही. उतारावर ब्रेक गाडीची ऊर्जा उष्णतेत बदलतो आणि ती उष्णता ड्रम, डिस्क व लायनर (ड्रमला आतून घासणारे अस्तर) यांना सोसावी लागते. लायनर फार तापले की त्यांची पकड कमी होते, ड्रम तापून प्रसरण पावला की लायनर आणि त्याच्यातले अंतर वाढते, आणि पॅडल आत आत जाऊ लागते. मोटारी आणि लहान टेम्पो यांच्या हायड्रॉलिक ब्रेकमध्ये आणखी एक शत्रू लपलेला असतो. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेते. डॉट ३ प्रकारचे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळणार नाही अशी हमी असते. पाणी शोषलेल्या त्याच ऑइलसाठी ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ मध्ये हे आकडे २३० आणि १५५ आहेत. उकळलेल्या ऑइलची वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि चालकाचा पाय फळीला टेकला तरी चाकापर्यंत जोर पोहोचत नाही. आपल्याकडे गगनबावड्याचा पाऊस आहे आणि २०१९ व २०२१ सारखे पंचगंगेचे महापूरही आहेत. पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी धुऊन, सीट वाळवून, इंजिन सुरू करून अनेकांनी वापरात आणली. तिचे ब्रेक ऑइल आणि चाकांच्या बेअरिंगमधले ग्रीस बदलले होते का, हे जुनी गाडी विकत घेणाऱ्याने अवश्य विचारावे.

आता एक कटू गोष्ट. पासिंगच्या दिवसापुरते टायर, रिफ्लेक्टर, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी दुसऱ्याकडून मागून आणायची आणि संध्याकाळी परत करायची, हा प्रकार आपल्या सर्वांना ठाऊक आहे. यात निरीक्षकाला फसवल्याचे समाधान मिळत असेल, पण दुसऱ्या दिवशी त्याच गुळगुळीत टायरवर ऊस किंवा प्रवासी भरून निघणारा माणूस तो निरीक्षक नसतो. आपण पैसे वाचवतो असे मालकाला वाटते. मला तो सरळ सरळ चालकाच्या जिवावरचा व्यवहार वाटतो. उसाच्या हंगामात रात्री रस्त्याकडेला बंद पडलेली, मागे एकही दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली हे त्याच वृत्तीचे दुसरे रूप आहे, आणि तिथे मरतो तो बहुधा मागून येणारा दुचाकीस्वार.

कागदपत्रांचा भाग थोडक्यात सांगतो. परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर वाहन क्रमांक टाकून योग्यता तपासणीचे शुल्क भरता येते आणि वेळ घेता येते. आपल्या वाहनाच्या वर्गासाठी कोणते केंद्र उपलब्ध आहे हे तिथेच पाहून मग गाडी बाहेर काढावी, कारण प्रत्येक केंद्राला प्रत्येक वर्गाची मान्यता असेलच असे नाही. शंका असेल तर ताराबाई पार्कातील प्रादेशिक परिवहन कार्यालयात स्वतः चौकशी करावी. नोंदणी प्रमाणपत्र, विमा, पीयूसी, कर, परवाना यांच्या मुदती आधी तपासाव्यात, थकलेले चलन भरून टाकावे. मुदत संपल्यानंतर दिवसाला ५० रुपये जादा शुल्काची तरतूद केंद्राने २०१६ मध्ये केली आणि तिच्याविरुद्ध रिक्षाचालकांनी आंदोलनेही केली. तो वाद काहीही असो, मुदतीच्या महिनाभर आधी गाडी मिस्त्रीला दाखवणे हे त्या वादापेक्षा स्वस्त पडते.

पालकांसाठी एक वाक्य जोडतो. महाराष्ट्रात शालेय बससाठी २०११ पासून स्वतंत्र नियम आहेत आणि शाळेच्या पातळीवर परिवहन समिती असणे त्यात अपेक्षित आहे. त्या समितीच्या बैठकीत जाऊन गाडीचे योग्यता प्रमाणपत्र दाखवा म्हणून मागणे हा आगाऊपणा नव्हे.

आता त्या पंधरा वर्षांकडे वळू. ब्रिटनने खासगी मोटारींची सक्तीची तपासणी १९६० मध्ये सुरू केली. सुरुवातीला ती दहा वर्षांहून जुन्या गाड्यांना होती, काही वर्षांतच ती तीन वर्षांवर आणली गेली, आणि तेव्हापासून तीन वर्षे पूर्ण झालेली मोटार तिथे दरवर्षी तपासली जाते. जर्मनीत आणि जपानमध्ये नव्या मोटारीची पहिली तपासणी तीन वर्षांनी आणि पुढची दर दोन वर्षांनी होते. ब्रिटनमध्ये तपासणी आणि दुरुस्ती एकाच गॅरेजमध्ये होऊ शकते, जी गोष्ट आपल्या नियमांनी टाळली आहे; पण त्यांनी दुसरे एक काम चांगले केले आहे. कोणत्याही गाडीचा क्रमांक टाकला की तिच्या मागील तपासण्यांचा निकाल, त्या वेळचे किलोमीटर किंवा मैल आणि निघालेले दोष कोणालाही विनामूल्य पाहता येतात. आपल्याकडच्या सरकारी परिवहन ॲपवर कागदपत्रांच्या मुदती दिसतात, दोष दिसत नाहीत. जुन्या गाड्यांच्या बाजारात ही एक सोय झाली, तर कितीतरी फसवणूक आपोआप थांबेल.

कायदा येईल तेव्हा येवो. वाहनांचे ओतीव भाग तयार करणारे कारखाने ज्या शहरात आहेत, शिवाजी उद्यमनगरात एखादा भाग घासूनपुसून तंतोतंत बरोबर करणारे कारागीर आहेत, तिथे मोटारमालकाने दरवर्षी एकदा, शक्यतो मे महिन्यात, स्वतःहून गाडी तपासून घ्यायला अडचण ती काय? फक्त ‘सगळे ओके आहे’ या तोंडी उत्तरावर समाधान मानू नये. आकडे मागावेत. ब्रेक पॅड किती मिलिमीटर उरले आहेत, ऑइलमध्ये पाण्याचे प्रमाण किती, हे मिस्त्रीला साध्या उपकरणांनी सांगता येते, आणि ते वहीत लिहून ठेवले की पुढच्या वर्षी तुलना करता येते. टायर तर स्वतःच पाहावेत. नियम ९४ प्रमाणे मोटारीच्या टायरवरच्या खाचांची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा आणि दुचाकी-तीनचाकीच्या ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. बहुतेक टायरांच्या खाचांत बारीक उंचवटे असतात, टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की तो बदलायचा. टायरच्या बाजूला चार आकडे छापलेले असतात, २३१९ असतील तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. कमी चाललेल्या गाडीचे टायर खाचा शाबूत असूनही वयाने कडक आणि भेगाळलेले निघतात, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. स्टिअरिंगची ढिलाई ३० अंशांपेक्षा अधिक नसावी असे नियम ९८ सांगतो; माझे मत विचाराल तर आजच्या मोटारीत तेवढीही ढिलाई म्हणजे टाय रॉड एंड (स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याचा सांधा) बदलायची वेळ केव्हाच टळून गेली आहे.

आणि दुरुस्ती करणाऱ्याकडूनच तपासून घेणे भाग असेल, तर निदान काढलेला जुना भाग परत मागावा. प्रामाणिक मिस्त्री तो न मागता दाखवतो.

पंधरा वर्षे पूर्ण होत आली की नोंदणीच्या नूतनीकरणासाठी नमुना २५ मध्ये अर्ज करावा लागतो, गाडी निरीक्षकासमोर उभी करावी लागते आणि नूतनीकरण पाच वर्षांसाठी मिळते. एप्रिल २०२२ पासून या शुल्कात मोठी वाढ झाली, मोटारीला ६०० चे ५,००० आणि दुचाकीला ३०० चे १,००० रुपये झाले, आणि वीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी ते पुढे आणखी वाढवले गेले. अर्ज मुदत संपण्याच्या साठ दिवस आधीपासून करता येतो. शेवटच्या आठवड्यात जाणाऱ्यांची गाडी गंजलेल्या तळामुळे किंवा एखाद्या सांध्यामुळे अडली, तर पत्राकाम आणि जोडणी करायला हातात दिवस उरत नाहीत आणि मग नोंदणी संपलेली गाडी घरासमोर उभी राहते. म्हणून ते साठ दिवस सुरू होण्यापूर्वीच गाडी एकदा खड्ड्यावर किंवा लिफ्टवर चढवून तिचा तळ पाहून घ्यावा.