सोमवारची डोकेदुखी

आजच्या व्याख्यानाचा जाहीर झालेला विषय 'हृदयशूलावरील नायट्रेट औषधे : उपयोग आणि सुरक्षितता' असा आहे (हृदयशूल म्हणजे हृदयाला रक्त अपुरे पडल्याने छातीत येणारी कळ) आणि त्याकडे मी येणारच आहे, परंतु डायनामाइटच्या कारखान्यातील कामगारांविषयी बोलल्याशिवाय मला या विषयात शिरताच येत नाही, ही माझी खोड समोरच्या काही जणांना चांगलीच परिचित आहे.

इटालियन रसायनशास्त्रज्ञ आस्कानिओ सोब्रेरो यांनी १८४७ मध्ये तुरिन येथे नायट्रोग्लिसरीन, म्हणजे डायनामाइटमधले स्फोटक द्रव्य आणि आजचे एक नायट्रेट औषध, तयार केले, ते किंचित चाखून पाहिले आणि त्यांचे डोके ठणकू लागले. पुढे डायनामाइटचे कारखाने उभे राहिल्यावर हीच डोकेदुखी कामगारांच्या वाट्याला आली. मात्र ती वार पाहून येत असे. सोमवारी डोके फुटायची वेळ येई, आठवडा सरता सरता दुखणे ओसरे आणि रविवारच्या सुटीत शरीराची सवय मोडली की सोमवारी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न! यावर काहींनी तोडगा काढला होता. सुटीच्या दिवशी ते टोपीच्या पट्टीला थोडे नायट्रोग्लिसरीन चोळून ठेवत, म्हणजे सवय टिकून राही. (स्फोटक द्रव्य डोक्यावर घेऊन हिंडणाऱ्या या मंडळींच्या धैर्याला, निदान या सभागृहात तरी, दाद मिळावी.) पण सगळेच हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. सुटीत द्रव्याचा संपर्क तुटल्यावर आकुंचन पावलेल्या रोहिण्यांमुळे काही कामगारांना छातीत कळा येत, आणि त्यांतील काही दगावलेही. या औषधाची सवय किती लवकर लागते आणि ती एकाएकी सुटल्यास काय होते, याचा धडा त्या कामगारांनी स्वतःच्या देहावर गिरवला; तरी पाठ्यपुस्तकांत त्यांना जेमतेम एक ओळ मिळते, ही माझी कायमची तक्रार आहे.

इंग्रज डॉक्टर विल्यम मरेल यांनी १८७९ मध्ये हृदयशूलावर नायट्रोग्लिसरीनचा उपयोग प्रसिद्ध केला. खुद्द डायनामाइटचे जनक आल्फ्रेड नोबेल यांनाही अखेरच्या काळात डॉक्टरांनी तेच सुचवले, आणि लोक घाबरू नयेत म्हणून त्याला 'ट्रायनायट्रिन' म्हणतात, याची त्यांना मोठी गंमत वाटली होती. हे द्रव्य शरीरात नायट्रिक ऑक्साइड हा वायू सोडून काम करते. त्या वायूवरील संशोधनाला १९९८ मध्ये पारितोषिक मिळाले, तेही नोबेल यांच्याच नावाचे.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे; तेव्हा ज्यासाठी आपण जमलो ते आता घाईने सांगतो. नायट्रेटमुळे प्रामुख्याने शिरा सैलावतात, हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते आणि हृदयाचा भार हलका होतो. दुखणे थांबते, परंतु केवळ त्यामुळे आयुष्य वाढते असे मोठ्या चाचण्यांत दिसलेले नाही. गोळी जिभेखालीच विरघळवावी, कारण गिळल्यास बरेचसे औषध यकृतातच निकामी होते. ती बसून घ्यावी, कारण उभ्याने घेतल्यास रक्तदाब उतरून भोवळ येते. पाच मिनिटांत आराम न पडल्यास तातडीची वैद्यकीय मदत मागवावी. नायट्रोग्लिसरीनच्या गोळ्या मूळच्या काचेच्या बाटलीतच ठेवाव्यात. प्लास्टिकच्या डबीत औषध उडून जाते आणि ऐन वेळी हाती नुसती गोळी उरते. रोज दीर्घकाळ टिकणारे नायट्रेट घेणाऱ्याला, शरीराला औषधाची सवय लागू नये म्हणून, दिवसातून दहा ते बारा तास औषधाविना ठेवतात. ती सुटी म्हणजे आपल्या कामगारांचा रविवारच होय. फक्त ती डॉक्टरांनी आखायची असते, आपल्या मनाने औषध एकदम बंद करायचे नसते.

रक्तदाब आधीच फार खाली असल्यास, किंवा हृदयविकाराच्या झटक्यात उजवा कप्पा सापडला असल्यास, नायट्रेट टाळतात. लैंगिक दौर्बल्यावरील सिल्डेनाफिल घेतल्यापासून २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यापासून ४८ तास नायट्रेट घेऊ नये, कारण दोन्ही मिळून रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत कोसळतो. छातीत दुखत असताना, घरची माणसे भोवती उभी असतानाही, दौर्बल्यावरील ती गोळी कधी घेतली होती हे डॉक्टरांना सांगावेच लागते.