कोची, जहाज सुटेपर्यंत

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईहून क्रूझनं कोचीला जाणार असाल, तर त्या सकाळी नाश्त्याच्या रांगेत वेळ घालवू नका. चहाचा कप घ्या आणि सरळ वरच्या डेकवर जा. बंदराचं तोंड अगदी अरुंद आहे. उजव्या हाताला फोर्ट कोची, डाव्या हाताला वायपिन, आणि आपलं दहाबारा मजली जहाज त्यातून हळूहळू आत सरकत असतं. खाली किनाऱ्यावर मासे पकडायच्या चिनी जाळ्यांचे उंच बांबू दिसतात. फेरीबोटीतली ऑफिसला निघालेली माणसं मान वर करून आपल्याकडे बघत असतात.

हे तोंड १३४१ सालच्या पेरियार नदीच्या महापुरानं उघडलं, असं मानतात. उत्तरेकडचं मुझिरिस हे प्राचीन बंदर गाळानं बुजलं आणि व्यापार इकडे वळला. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्तुगीज आले, १६६३ मध्ये डच, १७९५ मध्ये इंग्रज. पण तोंडाशी वाळूचा जाड बांध असल्यानं मोठी जहाजं बाहेर समुद्रातच नांगर टाकत आणि माल होड्यांतून आत येई. रॉबर्ट ब्रिस्टो नावाचा इंजिनिअर १९२० मध्ये इथे आला. त्यानं तो बांध कापला आणि उपसलेल्या गाळाची भर घालून विलिंग्डन बेट उभं केलं. १९२८ मध्ये ‘पद्मा’ नावाची आगबोट आतल्या बंदरात शिरली. आपलं जहाज लागतं ते याच बेटाला.

आता उतरायचं. जहाजावर सहलींचं टेबल असतंच. एसी बस, गाइड, पाच ठिकाणं, आणि मध्ये कुठेतरी मसाल्यांचं किंवा गालिच्यांचं दुकान. वयस्कर मंडळी बरोबर असतील तर खुशाल बस घ्या. पाय धड असतील तर गेटबाहेर या आणि रिक्षा करा. रिक्षावालाही म्हणेल, ‘सर, ओन्ली टेन मिनिट्स, जस्ट लुकिंग.’ गिऱ्हाईक नेलं की दुकानदार त्याला काहीतरी देतो, तेव्हा रागावू नका. हसून ‘नको’ म्हणा आणि भाडं आधी ठरवून घ्या.

बहुतेक लोक फोर्ट कोचीला जास्त वेळ देतात. माझं मत उलटं आहे. सकाळ मट्टनचेरीला द्या. फोर्ट कोचीत सत्ता राहत होती, मट्टनचेरीत व्यापार. बाजार रोडवरून चालत निघालात की जुन्या वखारींमधून मिरी, सुंठ आणि सुपारीचा वास अंगावर येतो. काही वखारींचा मागचा दरवाजा आजही थेट पाण्यावर उघडतो. खरेदी करायचीच असेल तर इथे करा. शोभेच्या पुड्यांची दुकानं पुढे ज्यू टाउनमध्ये आहेत, तिथे तीच मिरी महाग पडते.

ज्यू टाउनच्या टोकाला ‘परदेशी’ नावाचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १५६८ सालचं. चपला काढून आत जावं लागतं, आणि ते बरंच आहे, कारण पायाखालच्या निळ्या-पांढऱ्या फरशा बघण्यासारख्या आहेत. अठराव्या शतकात चीनहून आणलेल्या, हातानं रंगवलेल्या. एकीसारखी दुसरी नाही असं सांगतात. मी खाली बसून शेजारशेजारच्या दोन फरशा ताडून पाहिल्या. एकीवर झाडाची फांदी जरा जास्त झुकलेली, दुसरीत पुलाचा कठडा थोडा तिरका. बाहेरच्या घड्याळाच्या मनोऱ्यावर रोमन, हिब्रू आणि मल्याळी आकडे आहेत. कोचीत कोण कोण राहत होतं, हे त्या मनोऱ्यावरूनही कळतं. शनिवारी सिनेगॉग बंद असतं. जहाजाचं वेळापत्रक बघताना वारही बघा.

इथून थोड्याच अंतरावर चेरलाई आहे. बस तिथे जात नाही. पोर्तुगीजांच्या काळात गोव्यातून बाहेर पडलेली गौड सारस्वत कुटुंबं इथे स्थिरावली. व्यंकटेशाचं मोठं देऊळ बांधलं, व्यापारात नाव काढलं. भाजीच्या दुकानापाशी दोन मिनिटं उभं राहा, कोंकणी कानावर पडेल. मल्याळी वळणाची, पण आपल्याला अर्धीअधिक कळणारी.

आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. डच गव्हर्नर व्हान रेड यानं मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला, ‘हॉर्टस मलाबारिकस’. तो १६७८ पासून ॲमस्टरडॅमला छापला गेला. माहिती दिली ती इट्टी अच्युतन या वैद्यानं, आणि रंग भट, विनायक पंडित, आपू भट या तीन कोंकणी पंडितांनी. या तिघांचं साक्षपत्र कोंकणी भाषेत आहे आणि लिपी आपली नागरी. झाडांच्या चित्रांवरही नागरीत नावं कोरलेली आहेत. शिवाजी महाराज हयात होते तेव्हा हॉलंडमध्ये नागरी अक्षरं छापली जात होती. पंडितांची ही गोष्ट कुठल्याही सहलीच्या पत्रकात मला दिसली नाही.

दुपारी फोर्ट कोची. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाच्या थडग्याभोवती गर्दी असते. तो १५२४ मध्ये कोचीतच वारला, पण १५३९ मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. लोक फोटो काढतात ते रिकाम्या थडग्याचे. मला तिथले छताला टांगलेले कापडी पंखे जास्त आवडले. त्यांचे दोर भिंतीबाहेर जातात. आत प्रार्थना चालू असताना बाहेर उन्हात बसून कुणीतरी ते ओढत असे.

तसाच वेली नावाच्या भागाजवळचा धोबीखाना. डचांनी सैनिकांचे गणवेश धुवायला तमिळ धोबी आणले, त्यांचे वंशज आजही तिथे काम करतात. वाळत घालायला चिमटे नाहीत. दोन दोर एकमेकांत पिळलेले, आणि त्या पिळात कपड्याचं टोक खोचायचं. वारा कितीही सुटला तरी चादर हलते, निसटत नाही. कपड्यांना लावायची कांजी भातापासूनच करतात.

चिनी जाळी शेवटी ठेवा, ऊन उतरल्यावर. मच्छीमार तुम्हाला दोर ओढायला बोलावतील आणि मग पैसे मागतील. द्या. एका खेपेला मासळी मूठभर निघते, आणि तोलासाठी बांधलेले दगड सांभाळत ती जाळी वर घ्यायला चारपाच माणसं लागतात. त्यांचं पोट आता थोडंफार आपल्या फोटोंवरही चालतं.

जहाजावर परत यायची वेळ जी छापलेली असते, तिच्या तासभर आधी निघा. विलिंग्डन बेटाकडे येणाऱ्या तोप्पुंपडीच्या पुलावर संध्याकाळी वाहनं मुंगीच्या पावलानं सरकतात, आणि जहाज कुणासाठी थांबत नाही. ओळखपत्र खिशात आहे ना, तेवढं रिक्षातून उतरताना चाचपून बघा.

नमस्कार.