दसऱ्याचा माल आलाय

पितृपंधरवडा चालू आहे. या दिवसांत नवीन कपडा घ्यायचा नाही असं बरीच घरं अजून पाळतात, त्यामुळं कोल्हापुरात महाद्वार रोडला आज जी गर्दी दिसतीय ती अंबाबाईला जाणाऱ्यांची आहे, दुकानाची पायरी चढणारं कोणी नाही. आणि नेमकं ह्याच पंधरा दिवसांत ह्या दुकानात वर्षातलं सगळ्यात मोठं काम उरकतं, कारण घटस्थापनेला, म्हणजे 22 सप्टेंबर 2025 ला शटर वर गेलं की शरदाचा सगळा माल लागलेला पाहिजे, किमतीच्या चिठ्ठ्या अडकवलेल्या पाहिजेत, नाहीतर दसरा हातचा गेला.

दुकान जेमतेम दहा फूट रुंद. आत मात्र लांबच लांब, मागं लाकडी जिना आणि वर माळ्यावर शिलाईचे मास्तर. फक्त पुरुषांचे कपडे. कुठल्या कंपनीची एजन्सी नाही, कुठल्या साखळीतलं दुकान नाही, काय आणायचं आणि काय नाही हे एकच माणूस ठरवतो, त्यांना रोडवर सगळे अण्णा म्हणतात म्हणून आपणही अण्णाच म्हणू. अण्णांच्या गल्ल्याशेजारी लाल पुठ्ठ्याची एक वही असते. तिच्यात हिशेब नाही. तिच्यात लिहिलेलं असतं, हिरवा चौकडा पडून राहिला, निळा ऑक्सफर्ड 42 दसऱ्याच्या आधीच संपला, अमुक शर्ट पोटावर ताणतो, पुढच्या खेपेला घेर वाढवून घेणे. दर शरदाचं एक पान. पुढचा माल घ्यायला निघायच्या आधी अण्णा गेल्या तीन-चार वर्षांची पानं वाचून काढतात, आणि मला विचाराल तर हे दुकान त्या वहीवर चालतं.

दृश्य – टेम्पोतून उतरलेले तीन गठ्ठे, सुतळी सोडवणारे हात.

पहिल्या गठ्ठ्यातनं कॉटराय, म्हणजे कॉर्डरॉय निघालं. तपकिरी जॅकेट, भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीचा रंग असतो ना, तसं. अण्णांनी ते काऊंटरवर पसरलं आणि नीट बघायच्याही आधी त्याच्यावरनं तळहात फिरवला, एकदा वरनं खाली, एकदा खालनं वर. एका बाजूला हात सरकतो, दुसऱ्या बाजूला अडतो. ही कापडाची लव. कॉटराय विणताना आडव्या धाग्यांचा एक जादा थर सैल सोडलेला असतो, मग ते सैल धागे लांबच्या लांब ओळीत मधोमध कापतात, ब्रश मारून उभे करतात, आणि त्याच्या त्या गुबगुबीत रेघा होतात. अण्णांनी फूटपट्टी ठेवून रेघा मोजल्या, इंचात अकरा. आठच्या आसपास असल्या की कापड जाड, दणकट, पण आपल्याकडं नोव्हेंबरातही जड होतं, आणि वीसच्या वर गेल्या की मऊ पडतं, शर्टाला चालतं पण जॅकेटला उभारी राहत नाही. अकरा-बारा आपल्या हवेला बरोबर.

मग त्यांनी जॅकेट उजेडात धरलं आणि डावी बाही जरा फिरवली. मला काहीच दिसलं नाही. ते म्हणाले, "पाठ आणि बाही एका रंगाची दिसत्यात का बघ." तेव्हा दिसलं, बाही किंचित फिकी. रंग तोच, ताका तोच, पण कटिंग करताना कापड वाचवायला कुणीतरी बाहीचा तुकडा उलटा लावला होता, त्यामुळं लव उलट्या दिशेला गेली आणि उजेड वेगळा पडला. घालणाऱ्याला हे कळलंही नसतं, फक्त फोटोत कायतरी विचित्र दिसतंय एवढंच वाटलं असतं. ते जॅकेट बाजूला गेलं, त्याच मापाचं दुसरं मागवलं, ते चार दिवसांनी आलं. एकूण पाच घेतली होती, 38, 40, 42, 44, 46, प्रत्येक मापात एकच. मी म्हटलं, अण्णा एवढं चांगलं आहे तर पन्नास का नाही? म्हणाले, कोल्हापूर केवढंसं, दोन माणसं एकाच लग्नात समोरासमोर आली एकच जॅकेट घालून की दोघं माझ्याच नावानं बोलणार.

परदेशात ह्या दिवसांत दुकानांत लोकरीचे ओव्हरकोट लागतात, जाड स्वेटर, मफलर, आणि ते फोटो बघून आपल्याकडंही काहीजण तसलाच माल भरतात आणि तो होळीपर्यंत पडून राहतो. आपला शरद वेगळा आहे हो. हस्ताचा पाऊस जाता जाता झोडपून जातो, मग ऑक्टोबरचं ऊन असं चटकतं की दुपारी पारा तिशीच्या वर, आणि पहाटे पन्हाळ्याच्या बाजूला गाडीवरनं निघालात तर दव पडलेलं असतं, अंगावर काटा येतो. एकाच दिवसात दोन ऋतू. म्हणून इथला शरदाचा कपडा म्हणजे आत सुती, घाम पिणारं, आणि वर असं काहीतरी जे अकरा वाजता काढून हँडलला अडकवता येतं. अण्णांची सगळी खरेदी ह्या एका हिशेबावर चालते आणि मला तो पूर्ण पटतो.

त्यामुळं शर्टावर जास्त जीव. ऑक्सफर्डचे शर्ट तीन रंगांत आलेत, जोडधाग्याची बारीक चटईसारखी वीण, हवा खेळती राहते आणि इस्त्री नसली तरी कळकट दिसत नाही. फलालीन आलंय, आपले आजोबा ज्याला फलालीन म्हणायचे तेच, आता पोरं फ्लॅनेल म्हणतात, सुती कापडाची एक बाजू खरडून मऊ केलेली. ह्यात अण्णा खिसा बघतात. चौकड्याच्या शर्टावर छातीचा खिसा लावला की खिशाची रेघ आणि शर्टाची रेघ एक झाली पाहिजे, खिसा आहे हेच कळलं नाही पाहिजे. कुडते आलेत, ते दिवाळीला आपोआप खपतात, त्यात सांगण्यासारखं फार नाही.

शर्टाचं कापड मात्र अण्णा तयार घेत नाहीत, स्वतः इचलकरंजीला जाऊन घेतात आणि इथं मास्तरांच्या ओळखीतल्या दोन घरी शिवून घेतात. आम्हीपण गेलो त्यांच्याबरोबर. गावात शिरायच्या आधीच कानाला कळतं, खटखट, खटखट, बोळाबोळातनं. इथं पहिला यंत्रमाग 1904 साली विठ्ठलराव दातारांनी लावला, जहागीरदार नारायणराव घोरपड्यांनी पाठीशी राहून उद्योगाला हात दिला, आणि त्यातनं हे एवढं गाव उभं राहिलं. शेडमध्ये कामगार दादांशी ओरडूनच बोलावं लागतं. मजुरी पिकावर ठरते, म्हणजे इंचात आडवे धागे किती भरले त्यावर. अण्णा भिंगातनं तेच मोजतात, उभे किती आडवे किती, कारण पीक कमी भरलं की कापड पहिल्या धुण्यातच सैल पडतं. ते बोलतात नंबरात, चाळीस, साठ, ऐंशी. नंबर वाढला की सूत बारीक. हिशेब असा की एक पौंड सुतात 840 यार्डाच्या जितक्या लड्या निघतात तितका नंबर. शरदाला अण्णा चाळिसाचं घेतात, उन्हाळ्याला साठाचं.

इथलं बरंचसं कापड ग्रे, म्हणजे मागावरनं उतरलेलं कोरं, तसंच राजस्थान-गुजरातला रंगायला जातं. गाव विणतं आणि नाव भलत्याचंच लागतं ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं. अण्णांच्या शर्टाच्या आतल्या पट्टीवर एक छोटी चिठ्ठी असते, "कापड इचलकरंजी", बस एवढीच, पण ती असते.

दृश्य – ओला पांढरा रुमाल, निळं कापड, जवळून.

निळीच्या डेनिमचे जाडसर ओव्हरशर्ट आलेत. एकेका लॉटमधला एक शर्ट काढून अण्णा ओल्या पांढऱ्या रुमालानं दहा वेळा घासतात. रुमालावर निळसर झाक येणारच, डेनिमची नीळ धाग्याच्या वरवरच बसते, आत पोचत नाही, म्हणून तर जुनी जीन्स विटत विटत सुंदर होते. पण डाग गडद आला तर सगळा लॉट परत. ही सवय लागायला कारण घडलं. काही वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्यानं पाठवलेला माल कच्च्या रंगाचा निघाला, दिवाळीच्या पहिल्या अंघोळीनंतर नवा शर्ट घातलेली माणसं संध्याकाळी निळे बनियन घेऊन दुकानात. अण्णांनी एकूण एक शर्ट परत घेतला, पैसे दिले, बनियनचेसुद्धा दिले. व्यापाऱ्यानं फोन उचलला नाही. त्या सालचं पान वहीत आहे, त्यावर एकच शब्द, रुमाल.

डेनिमवरनं आठवलं म्हणून सांगतो, इंग्रजीत ज्याला डंगरी म्हणतात, मजुरांच्या त्या जाड निळ्या कपड्याला, तो शब्द आपल्या मुंबईच्या डोंगरीवरनं गेलाय, तिथं मिळणारं भरड सुती कापड डोंगरी म्हणून जहाजांतनं बाहेर जायचं. आता तेच कामगारी जॅकेट फॅशन म्हणून परत येतंय.

आणि एक गोष्ट फार आवडली, घोंगड्याचं जाकीट. दख्खनी मेंढीची काळी लोकर, खड्ड्याच्या मागावर विणलेली, चिंचोक्याची खळ लावून ताठ केलेली. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल बिरदेवाच्या यात्रेत खांद्याखांद्यावर जे घोंगडं दिसतं तेच. लोकर भरड असल्यानं उघड्या अंगाला टोचते म्हणून मास्तरांनी आतनं मऊ सुती अस्तर लावलंय, गळ्याला पट्टी फिरवलीय. सातच आहेत. वाफ दिली की अजून मेंढरासारखा वास येतो त्याला, मी नाक लावून बसलो होतो.

घटस्थापना उजाडली. योगायोगानं त्याच दिवसापासून जीएसटीचे नवे दर लागू झाले, अडीच हजारापर्यंतच्या कपड्याला 5 टक्के, त्याच्या वर 18. आदल्या दिवशी रात्री साडेबारापर्यंत अण्णा आणि त्यांचा मुलगा चिठ्ठ्या बदलत बसले होते. कॉटरायच्या जॅकेटाचा भाव आधी थोडा वर जात होता, अण्णांनी आपला नफा कापून तो अडीच हजाराच्या आत बसवला, म्हणाले नाहीतर पोरांना झेपायचं नाही.

मग जी गर्दी सुरू झाली ती 2 ऑक्टोबरला, दसऱ्यालाच थांबली. कागलकडनं एक मामा आले होते, पोरगं पुण्यात नोकरीला लागलेलं, त्याला घेऊन. पोराला अंगाबरोबर बसणारं पाहिजे, मामा म्हणतात, "जरा ढगळ घे की, अंगात भरशील." अण्णा म्हणाले, "मामा, पोरगं तेवीस वर्षांचं झालं, आता भरायचं ते पोटातच भरणार." पँट घेतली ती मात्र मास्तरांनी उलटी करून दाखवली, मागच्या शिवणीत दोन्हीकडं चांगली इंचभर माया सोडलेली. माया म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड, कंबर वाढली की टीप उसवायची आणि तेवढं सोडायचं. तयार मालात ही माया हल्ली बोटभरही मिळत नाही. मामांनी शिवणीवर अंगठा दाबून बघितला, मग पोराकडं बघितलं, आणि दोन पँटी बांधायला सांगितल्या.

दसऱ्याच्या रात्री दसरा चौकातनं सोनं लुटून माणसं परत येत होती, दुकानात शिरून अण्णांच्या हातात आपट्याची पानं देत होती, काऊंटरवर पानांचा ढीग. कॉटरायची चार जॅकेटं गेलेली. 40 चं तर तिसऱ्या माळेलाच गेलं, त्यानंतर तिघं त्याच मापाला विचारून परत गेले. 46 तेवढं राहिलं. एवढं मोठं माप आणलंच कशाला म्हणून मी विचारलं, तर कळलं की तालमीतला एक पैलवान आहे, मान आणि खांदे असे की कुठल्याच दुकानात त्याला तयार कपडा चढत नाही, तो दरवर्षी दिवाळीच्या आधी येतो आणि त्याच्यासाठी एक 46 येतंच, मास्तर फक्त बाहीचा मुंढा उसवून मोठा करतात. ह्या वेळी कुस्तीची मैदानं चालू आहेत म्हणून आला नाही अजून.

मध्ये दोघांनी ते मागितलं होतं. अण्णांनी दाखवलंसुद्धा नाही.

दिवे घालवायच्या आधी त्यांनी वही काढली, पान उघडलं, लिहिलं, कॉटराय तपकिरी, 40 दोन जास्त घेणे. मग जॅकेट रॅकवरनं काढून आतल्या खुंटीला अडकवलं, त्यावर पांढरी चादर टाकली, आणि मास्तरांना माळ्यावर हाक मारून सांगितलं की मुंढा आत्ता उसवू नका, पोरगं आलं की अंगावर घालून मगच खडू मारा.