बेडकांच्या साथीचं संगीत

श्रोतेहो, नमस्कार.

होनोलुलूच्या वायकीकी किनाऱ्यावर 1950 च्या दशकात शेल बार नावाचा एक मोकळाढाकळा बार होता. मंचाला लागूनच एक छोटं तळं. तिथं पियानो वाजवायचे मार्टिन डेनी, मूळचे न्यूयॉर्कचे. एका रात्री त्यांच्या ध्यानात आलं, की वाजवायला लागलं की तळ्यातले बेडूक डरावतात आणि थांबलं की तेही थांबतात. तेच गाणं पुन्हा वाजवून पाहिलं, तर बेडूक पुन्हा सुरू! वादकांना चेव आला, त्यांनी गमतीगमतीत पक्ष्यांचे आवाज काढले. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक हजर : ते कालचं पक्षी-बेडकांचं वाजवा ना. मग डेनी ते डराव डराव गुइरो नावाच्या खाचांच्या वाद्यावर काठी घासून काढायला लागले. खऱ्या बेडकांच्या भरवशावर रोजचा कार्यक्रम कसा करणार?

1957 साली त्यांची ‘एक्झॉटिका’ ही तबकडी निघाली आणि पुढं या सगळ्या प्रकारालाच ते नाव चिकटलं. पियानो, व्हायब्राफोन हे धातूच्या पट्ट्यांचं वाद्य, बोंगो, ब्रह्मदेशी घंटा, जपानी कोटो, आणि मधूनच झाडीतून आल्यासारखी एखादी किंकाळी. 1959 मध्ये हवाई अमेरिकेचं पन्नासावं राज्य झालं आणि त्याच वर्षी ही तबकडी अमेरिकेत खपाच्या यादीत अव्वल ठरली.

एक गोष्ट मात्र ऐकताना खटकते. हवाईचं स्वतःचं वाद्य म्हणजे स्टील गिटार : मांडीवर आडवी ठेवून तारांवरून पोलादी कांडी सरकवायची. आपण तिला हवाईयन गिटार म्हणतो. ताऊ मो हे हवाईत वाढलेले वादक 1940 च्या दशकात सहकुटुंब कलकत्त्यात राहिले होते; मुंबईत व्हॅन शिपली यांनी ती गाजवली; आणि तिच्यावर वाजवलेल्या फिल्मी धुना तर तुम्ही रेडिओवर, दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात, कित्येकदा ऐकल्या असतील. म्हणजे हवाईचा खरा सूर आपल्या घरात केव्हाच शिरला होता. वायकीकीत बसून हवाईची स्वप्नं विकणाऱ्या डेनींच्या वाद्यवृंदाचा भर मात्र पियानो आणि व्हायब्राफोनवर. ज्या बेटाचं हे संगीत आहे, ते बेट नकाशात नाहीच.

त्या बेटाचं नेपथ्य आधीच तयार होतं. दारूबंदी उठल्यावर हॉलिवूडमध्ये ‘डॉन द बीचकोंबर’ हा बार सुरू झाला, ओकलंडमध्ये ‘ट्रेडर व्हिक’. बांबू, मासेमारीची जाळी, मंद दिवे, आणि पॉलिनेशियातल्या कोरीव मूर्तींचे चेहरे थेट पेल्यांवर. हेच टिकी. युद्धात पॅसिफिकवर गेलेले सैनिक परतले आणि या बारना बरकत आली.

त्याच समुद्रात दुसरं काय चाललं होतं? डेनी 1954 मध्ये होनोलुलूला आले. त्याच वर्षी 1 मार्चला अमेरिकेनं बिकिनीच्या प्रवाळद्वीपावर हायड्रोजन बॉम्बची आपली सगळ्यात मोठी चाचणी केली. 1946 ते 1958 मध्ये एकट्या बिकिनीवर 23 स्फोट झाले. तिथल्या माणसांना आधीच उठवून दुसऱ्या बेटावर नेलं होतं. 1962 मध्ये अवकाशातला एक अणुस्फोट पाहायला होनोलुलूतल्या हॉटेलांनी गच्च्यांवर पार्ट्या ठेवल्या होत्या आणि त्या स्फोटानं शहरातले शेकडो रस्त्यावरचे दिवे गेले. इतकी गोड, गुळगुळीत चाल आणि मागं हे. मला तरी ते आता वेगळं काढून ऐकता येत नाही.

सत्तरीत हा शौक विझला. व्हिएतनामच्या बातम्या पाहणाऱ्या पिढीला आईबापांचं कागदी जंगल हास्यास्पद वाटलं. तबकड्या भंगारात गेल्या, आणि तिथूनच नव्वदीत जुन्या वस्तूंच्या दुकानांत हुडकणाऱ्या तरुणांच्या हाती लागल्या. 2000 मध्ये स्वेन कर्स्टन यांचं टिकीवरचं सचित्र पुस्तक आलं, मग कॅलिफोर्निया-फ्लोरिडात मेळावे भरू लागले.

सगळ्यात चिकाटीचं काम टिकी बारच्या जुन्या पेयांच्या पाककृती हुडकणाऱ्या जेफ बेरी यांचं. ‘डॉन द बीचकोंबर’च्या डॉननं आपल्या पाककृती चोरीला जाऊ नयेत म्हणून सांकेतिक लिहिल्या होत्या : ‘डॉनचं मिश्रण’, ‘मसाला क्रमांक चार’. खुद्द बारवाल्यालाही बाटलीत काय आहे ते ठाऊक नसायचं. बेरींना एका जुन्या वेटरची 1937 सालची टिपणवही मिळाली, त्यांनी वर्षानुवर्षं माग काढला आणि ते मिश्रण निघालं ग्रेपफ्रूटचा रस नि दालचिनीचा पाक. रेडिओवरून याहून पुढची कृती सांगणं बरं नव्हे! पण या शोधात एक गोष्ट उजेडात आली, ती म्हणजे त्या बारमागं राबणारे हात बऱ्याचदा फिलिपिनो होते. त्यांतलेच एक रे ब्युहेन. त्यांनी 1961 मध्ये लॉस एंजेलिसला काढलेला इवलासा ‘टिकी-टी’ आजही त्यांचं कुटुंब चालवतं.

पॅसिफिकच्या बेटांवरची माणसं आता विचारतात, आमच्या पूर्वजांचे चेहरे दारूच्या पेल्यावर कशासाठी? प्रश्न रास्त आहे. काही नव्या बारनी टिकी हा शब्दच सोडला आणि मूर्तीही काढल्या, काहींनी कानाडोळा केला. पेला बदलणं सोपं आहे. संगीताचं काय करायचं?

त्याचं एक झकास उत्तर जपाननं 1978 मध्येच देऊन ठेवलंय. डेनींचं ‘फायरक्रॅकर’ म्हणजे अमेरिकी बैठकीच्या खोलीतून दिसणारा पूर्वेकडचा देखावा. संगीतकार हारुओमी होसोनो यांनी र्यूइची साकामोतो आणि युकिहिरो ताकाहाशी यांना जमवलं, तेच गाणं सिंथेसायझरवर डिस्कोच्या ठेक्यात बसवलं आणि यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा या नावानं अमेरिकेलाच परत विकलं. आधी डेनींचं ऐका, लगेच यांचं. पहिल्यात पूर्व दुरून डोकावते; दुसऱ्यात ती तुमच्याकडे पाहून डोळा मारते.