घाटात कळतं ते इंजिन

(नाशिकमध्ये गंगापूर रोडवरच्या एका सभागृहात दुचाकीस्वारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. मघाशी चहा घेताना दोघा-तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. ‘कावासाकीची निंजा १००० एसएक्स १४२ पीएसची, म्हणजे तेवढ्या अश्वशक्तीची होती, नवी ११०० एसएक्स १३६ पीएसची आहे. इंजिन मोठं झालं आणि ताकद घटली, मग सुधारणा कुठली?’ प्रश्न रास्त आहे. तिथूनच सुरुवात करू.

कावासाकीने सिलिंडरचा व्यास ७७ मिलिमीटरच ठेवला. पिस्टनची धाव, म्हणजे स्ट्रोक, ५६ वरून ५९ मिलिमीटर केला. चार सिलिंडरचा हिशोब मांडा, १०४३ सीसीचे १०९९ सीसी होतात. झडपा उघडणाऱ्या कॅमचा आकारही इंजिनाच्या खालच्या आणि मधल्या फेऱ्यांसाठी बदलला. फेऱ्या म्हणजे इंजिन मिनिटाला किती वेळा फिरतं तो आकडा. आता आकड्यांच्या शेजारचा आकडा बघा. जुनीचे १४२ पीएस मिळत होते १०,००० फेऱ्यांना, नवीचे १३६ मिळतात ९,००० ला. पॉवर म्हणजे टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, गुणिले फेऱ्या. उलटा हिशोब केला तर जुनी तिच्या कमाल ताकदीच्या शिखरावर साधारण १०० न्यूटन मीटर टॉर्क देत होती, नवी तिच्या शिखरावर १०६ देते. सर्वाधिक टॉर्क १११ वरून ११३ झाला आणि तो ८,००० ऐवजी ७,६०० फेऱ्यांनाच हाती येतो. म्हणजे ताकद खाली सरकली. जे सहा पीएस गेले ते वरच्या टोकाचे गेले.

वरच्या टोकाला आपण जातो कधी? चारपदरी महामार्गावर मोटारसायकलला वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे. समृद्धीवर तर दुचाकीला प्रवेशच नाही. नाशिकच्या माणसाचं टूरिंग म्हणजे कसारा घाट, पेठ रोडचा सावळघाट, वणीचा गड, घोटीवरून भंडारदरा. इथे १०,००० फेऱ्यांची भेटच होत नाही.

लांब स्ट्रोकची एक गोष्ट मला विशेष आवडली, ती सांगतो. स्ट्रोक वाढला की त्याच फेऱ्यांना पिस्टनला जास्त पळावं लागतं, आणि तो झिजेल अशी शंका येते. पण शिखर ९,००० वर आणल्यामुळे तिथे पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे १७.७ मीटर येतो. जुन्या गाडीचा तिच्या शिखरावर १८.७ होता. मोठं इंजिन आणि तरीही कमी घाई. लाख-दीड लाख किलोमीटर गाडी ठेवायची असणाऱ्याने हा आकडा आधी बघावा.

मी एका मित्राची नवी ११०० घेऊन डबलसीट, मागे दोन बॅगा अडकवून मुंबईकडून कसारा चढलो. पावसाळा, धुकं, पुढे कांद्याचा ट्रक. ट्रकच्या मागे आपण तिसऱ्या गिअरमध्ये रखडत असतो, फेऱ्या तीन हजारांच्या आसपास. वळण संपतं, पुढे थोडा मोकळा रस्ता दिसतो. अशा वेळी गिअर पाडायचा की तसंच ओढायचं? या गाडीत तसंच ओढलं. झटका नाही, गुरगुर नाही, मनगट फिरवलं तेवढीच गाडी पुढे आली. माझ्या मते या इंजिनाची परीक्षा हीच, आणि ती त्यात चांगल्या गुणांनी पास झाली. क्लच न दाबता गिअर बदलू देणारा क्विकशिफ्टरसुद्धा आता १,५०० फेऱ्यांपासून चालतो, म्हणून ट्रकमागच्या संथ चालीतही क्लच फारसा दाबावा लागत नाही. पाचवा आणि सहावा गिअर लांब केलेत. धुळ्याच्या सरळ रस्त्याला त्याने आराम पडतो, पण ८० च्या वेगाला घाटात सहावा टाकून ठेवू नका, पाचवाच पुरे.

आता हाताळणीकडे येतो, आणि इथे मला जास्त वेळ द्यायचा आहे. चासी मुळात जुनीच आहे, ॲल्युमिनियमची. मागची डिस्क २५० वरून २६० मिलिमीटर केली, डबलसीट उतरणीला त्याचा उपयोग होतो. गाडीचं वजन २३५ किलो. टाकी १९ लिटरची, म्हणजे त्यातले सुमारे १४ किलो पेट्रोलचेच. पार्किंगमध्ये, उतारावर मागे ढकलताना हे वजन जाणवतं, आणि ते लपवून काही फायदा नाही. ज्यांची उंची कमी आहे त्यांनी घेण्याआधी खडीच्या जागेवर उभी करून बघावी.

पण ‘वळणात गाडी जड वाटते’ ही तक्रार घेऊन जे माझ्याकडे येतात, त्यांच्यापैकी बहुतेकांनी मागचा प्रीलोड, म्हणजे मागच्या स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, कधी हलवलेलाच नसतो. काय होतं ते समजून घ्या. डबलसीट बसलात, बॅगा लावल्या, मागचा स्प्रिंग दबला. मागचा भाग खाली गेला म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क थोडा आडवा झाला आणि ट्रेल वाढला. ट्रेल म्हणजे हँडल ज्या अक्षाभोवती वळतं तो जमिनीला टेकेल तिथपासून चाक टेकतं तिथपर्यंतचं अंतर. ट्रेल वाढला की गाडी सरळ चालायला हट्टी होते, वळायला नकार देते. सावळघाटाच्या एका वळणात आपण आतल्या कडेने जायला निघतो आणि बाहेरच्या कडेला, समोरच्या एसटीच्या रेषेत जाऊन पोचतो. दोष देतो टायरला. या गाडीत प्रीलोड हाताने फिरवायचा नॉब आहे, पान्याची गरज नाही. कसाऱ्यात तिसऱ्या वळणानंतर मी थांबलो आणि चार-पाच फेरे फिरवले. पुढचा सगळा घाट वेगळ्याच गाडीवर चढल्यासारखा वाटला. बायकोनेही मागून विचारलं, काय केलंस रे?

रिबाउंडचं, म्हणजे दबलेला स्प्रिंग किती वेगाने परत येतो त्याचं सांगायचं तर पुलांच्या जोडांवर मागची सीट दोनदा उडत असेल तर तो थोडा घट्ट करा. एकदाच उडून बसत असेल तर हात लावू नका. टायरमध्ये हवा थंड असताना, गाडी चालवण्याआधी तपासा. पंपावर पोहोचेपर्यंत टायर तापलेला असतो आणि आकडा फसवतो. पावसात रेन मोड लावाच, घाटात सांडलेलं डिझेल धुक्यात दिसत नाही. वळणात ब्रेक सांभाळणारी यंत्रणा आहे म्हणून वळणात शिरल्यावर ब्रेक मारायची सवय लावून घेऊ नका. शिरण्याआधी मारा.

जुनी गाडी असेल तर बदलावी का? सोलो फिरत असाल आणि जुनी नीट असेल, तर मी तरी बदलणार नाही. डबलसीट फिरत असाल तर बदलण्यासारखी आहे, इंजिनासाठी.

बाकी बोलण्यापेक्षा, प्रीलोड किती हवा ते कसं मोजायचं हे करून दाखवतो. बाहेर गाडी उभी आहे, मोजपट्टी मी आणली आहे. आधी मागचं चाक हवेत लटकवून एक माप घेऊ, मग तुमच्यापैकी दोघं बसा, पुन्हा घेऊ. मधला फरक मागच्या चाकाच्या एकूण प्रवासाच्या साधारण पाव ते तिसऱ्या हिश्श्यात यायला हवा. ज्यांचं वजन नव्वदीच्या वर आहे असे एक जण आणि त्यांची घरची मंडळी आधी या.